सह्याद्रीच्या सावलीतला सापकांदा

नगर जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? ज्वारीची शिवारे, उसाचे मळे, साखर कारखान्यांची धुराडी, आणि दक्षिणेकडे गेले की आभाळाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू गावे. हे चित्र खरे आहे. पण ते पुरे नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे, म्हणजे आपल्या राज्याचा माथाच म्हणा ना. तिथे रतनगड आहे, ज्याच्या अंगाखांद्यावरून प्रवरा निघते. तिथे हरिश्चंद्रगड आहे, आणि ज्याला लोक ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात ते घाटघरही तिथेच आहे. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाऊस पडता पडत नाही आणि दुसऱ्या टोकाला थांबता थांबत नाही!

या पावसाच्या टोकाला, हिरडा, जांभूळ आणि अंजनीच्या सावलीत, ओल्या कपारीत आणि पालापाचोळ्याच्या गादीत एक वनस्पती राहते. तिची आज ओळख करून घेऊ. तिचे नाव सापकांदा. नाव ऐकून दचकू नका. पण नाव विसरूही नका. कारण या नावात जशी गंमत आहे, तशी एक धोक्याची सूचनाही आहे.

मृगाच्या सुमारास, वळवाच्या सरींनी माती भिजली की जमिनीतून एक टोकदार कोंब वर येतो. काही दिवसांत त्याच्या टोकाला एक गुंडाळी उलगडते आणि पाहणारा क्षणभर मागे सरकतो. वाटते, नागाने फणा काढला! पांढरी, पुढे झुकलेली, गळ्याशी जांभळट झाक असलेली ती फणा म्हणजे फुलाची पाकळी नव्हे, ते एक पान आहे. शास्त्रीय मराठीत त्याला महाछद म्हणतात. या पानाच्या पोटात एक जाडसर दांडी असते, तिला स्थूलकणिश म्हणतात. खरी फुले बारीक असतात आणि ती या दांडीच्या तळाशी दाटीने बसलेली असतात. आपल्या अळवाला किंवा सुरणाला फूल आलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल. सापकांदा त्यांचाच भाऊबंद, सुरण कुलातलाच.

फुलाच्या मागोमाग पान येते. बहुधा एकच. एका देठावर पाच-सातपासून दहा-अकरापर्यंत पर्णिका गोलाकार पसरलेल्या, जणू उघडलेली छत्रीच. पावसाळाभर हे पान सावलीत मिळेल तेवढा उजेड गोळा करते आणि खालच्या कांद्यात अन्न साठवते. पुढे दाण्यांचे कणीस धरते, ते पिकून लाल होते. पाऊस सरला की वरचे सगळे वाळून जाते. मग सात-आठ महिने जमिनीवर काही खूण नाही. उन्हाळ्यात त्या जागेवरून शंभर वेळा गेलात तरी खाली कोण झोपले आहे याचा पत्ता लागायचा नाही.

आता या झाडाच्या इतिहासाकडे वळू. झाडाला कसला इतिहास, असे कुणी विचारील. पण माणसाने झाडाला केव्हा ओळखले, काय नाव दिले आणि त्याच्याशी कसे वागला, हाही इतिहासच आहे. राजांच्या लढायांइतकाच तो आपल्या उपयोगाचा आहे.

पहिली ओळख अर्थातच डोंगरातल्या माणसांची. अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या राहत आला. कोणता कांदा उकडून खायचा, कोणत्या पानाची भाजी करायची, कशाला हात लावायचा नाही, हे ज्ञान आजीकडून नातीकडे तोंडी गेले. त्याची तारीख कुठल्या कागदावर नाही. पण ‘सापकांदा’ हे नावच पाहा. दोन शब्दांत त्यांनी वर काय दिसते ते सांगितले आणि खाली काय आहे तेही सांगितले. यापेक्षा नेमके नाव एखाद्या पंडिताला तरी सुचले असते का?

पुस्तकी ओळख पुष्कळ नंतरची. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस याने १८३१ साली या झाडांच्या गटाला ‘ॲरिसीमा’ हे नाव दिले. अशा गटाला आपण प्रजाती म्हणतो आणि तिच्या पोटातल्या एकेका प्रकाराला जाती. ॲरिसीमा हे नाव ग्रीक भाषेतले. त्यात रक्त या अर्थाचा शब्द आहे, कारण काही जातींच्या पानांवर रक्ताचे शिंतोडे उडावेत तसे डाग असतात. या प्रजातीच्या जगभरात दीडशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक आशिया खंडात, थोड्या आफ्रिकेत आणि थोड्या उत्तर अमेरिकेत. जवळजवळ सगळ्यांची राहणी एकच: झाडांची सावली, पानगळीची भुसभुशीत माती आणि वर्षातले काही महिने जमिनीखाली मुक्काम.

सह्याद्रीतल्या आपल्या पांढऱ्या सापकांद्याची नोंद झाली ती १८३९ साली, आणि ती ज्याच्या पुस्तकात झाली तो गृहस्थ मोठा वल्ली. जॉन ग्रॅहॅम त्याचे नाव. पेशाने तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यातला अधिकारी होता. टपालाचे काम सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. तिच्यात शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही टिपली. पुस्तक छापखान्यात असतानाच, मे १८३९ मध्ये, खंडाळ्याला त्याचा अंत झाला. वय अवघे चौतीस. उरलेले काम त्याचा मित्र निम्मो याने पुरे केले आणि पुस्तक त्याच वर्षी बाहेर पडले. सापकांद्याचे नाव त्या पुस्तकात आहे. मरे या आडनावावरून त्याला ‘मरेयी’ हे जातिनाम मिळाले आणि ते आजही चालते. नऊ वर्षांनी, १८४८ साली, विल्यम हूकर यांनी ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ या विख्यात नियतकालिकात त्याचे रंगीत चित्र छापले. ते लंडनजवळच्या क्यू येथील बागेचे प्रमुख होते. अशा रीतीने सह्याद्रीच्या कपारीतला हा नाग थेट विलायतेच्या दिवाणखान्यात जाऊन पोचला!

याच सुमारास आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आणखी एक माणूस काम करीत होता. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार त्याच्याकडे होता, आणि जुन्नरच्या बाजूला हिवरे येथेही औषधी वनस्पतींची बाग होती. घाटातली जंगले वेगाने तुटत आहेत हे त्याने पाहिले, सरकारला लिहून कळवले, आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. पुढे १८६१ साली डॅल्झेल आणि गिब्सन या जोडीने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. त्यानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा कोश भागाभागाने प्रसिद्ध केला. आजही अभ्यासक तो उघडल्यावाचून पुढे जात नाहीत. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ साली पुण्यात सुरू झाले. पुढे प्रधान आणि सिंह या दोघांनी केवळ अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला, तो १९९९ साली निघाला. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. तेव्हा शिक्षकांनी जुने ग्रंथ शोधताना ‘अहमदनगर’ या नावाखाली शोधावेत, म्हणजे सापडतील.

आणि हे काम अजून संपलेले नाही, बरं का. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्राध्यापक यादव आणि त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सह्याद्रीत सापकांद्याची एक नवी जाती शोधली आणि तिला सह्याद्रीचेच नाव दिले. टपाल खात्यातल्या एका साहेबापासून सुरू झालेली यादी आपल्या मातीतल्या अभ्यासकांनी पुढे नेली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आता या झाडाचा खरा चमत्कार सांगतो. माणसांत आणि जनावरांत नर तो नर, मादी ती मादी. सापकांद्याच्या प्रजातीत तसे नाही. झाड लहान असते, कांदा बारका असतो, तेव्हा त्याला नरफुले येतात. वर्षे जातात, कांदा पोसतो, आणि मग तेच झाड मादी होते, बी धरते. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, जनावर पान खाऊन जाते, कांद्याचा साठा आटतो. की पुढच्या साली ते झाड पुन्हा नर होते! अमेरिकेत शाफनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९२२ साली तिकडच्या जातींवर प्रयोग करून हे दाखवून दिले. जमीन आणि ओल चांगली दिली तर झाड मादीकडे झुकते, हाल केले तर नराकडे.

यामागचा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असा आहे. पराग तयार करायला भांडवल थोडे लागते. दाणे भरायला भांडवल फार लागते. घरात शिल्लक असेल तरच मोठा खर्च काढायचा, नसेल तर हात आखडता घ्यायचा. सापकांदा दरवर्षी आपला कणगा पाहून ठरवतो, यंदा काय परवडेल ते.

परागीकरणाचीही एक कथा आहे. पालापाचोळ्यातल्या बुरशीवर वाढणारी बारीक चिलटे त्या फण्यात शिरतात. आतल्या भिंती गुळगुळीत, त्यामुळे वर चढता येत नाही. या प्रजातीच्या बहुतेक जातींत नर झाडाच्या महाछदाला तळाशी एक फट असते. चिलट धडपडते, अंगाला पराग माखून घेते आणि त्या फटीतून सुटते. मग ते मादी झाडाच्या फण्यात शिरते. तिथे फट नसते. चिलट फिरत राहते, पराग फुलांना लागतो, झाडाचे काम होते. चिलटाची मात्र बहुधा तिथेच अखेर होते. निसर्ग नेहमीच दयाळू असतो असे पुस्तकात लिहिणाऱ्यांनी एकदा सापकांद्याच्या पोटात डोकावून पाहावे.

श्रोतेहो, इथवर झाली नवलाची गोष्ट. आता जिवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या नीट ऐका.

पहिली गोष्ट खाण्याची. सापकांद्याचा कांदा विषारी आहे. त्यात सुईसारखे टोकदार, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक असतात. कच्चा तुकडा तोंडात टाकला तर जीभ, टाळू आणि घसा पेटतो, सुजतो, श्वास अडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. हे स्फटिक सुरणात आणि अळवातही थोडेफार असतात, म्हणूनच आपल्या आयाबाया अळवाच्या भाजीत चिंच घालतात. रानातला शेवळा ठाणे-रायगडकडे आवडीने खातात, तोसुद्धा काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवून. शेवळाही पावसाच्या तोंडावर जमिनीतून असाच कोंबासारखा वर येतो. जाणत्या डोळ्याला फरक कळतो, अजाणत्याला कळत नाही. म्हणून नियम एकच: घरातल्या जाणत्या बाईने ओळखल्याशिवाय रानातला कोंब किंवा कांदा तोंडाला लावायचा नाही.

पण भूक नियम पाळत नाही. आपल्या जिल्ह्याने १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला, शतकाच्या शेवटी छप्पन्नचा दुष्काळ पाहिला. दुष्काळात लोक कोणकोणत्या रानवनस्पती खाऊन जगतात याची मुंबई इलाख्यापुरती नोंद गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध केली. धान्य संपले की माणूस कांदेमुळे उकरतो, हे त्या नोंदीमागचे सत्य. सापकांद्याच्या भाऊबंदांचीही त्यातून सुटका झाली नाही. ज्या विल्यम हूकरांनी १८४८ साली आपल्या सापकांद्याचे चित्र छापले, त्यांचे चिरंजीव जोसेफ हूकर पुढच्याच वर्षी सिक्कीमच्या लाचेन खोऱ्यात होते. तिथे अन्नाची टंचाई होती. लोक याच प्रजातीचे कांदे ठेचून, पाण्याबरोबर खड्ड्यात पुरून आंबवून खात होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. नीट आंबले नाही तर पोट बिघडते, कातडी आणि केस जातात, हेही लिहिले आहे. म्हणजे बापाच्या लेखी जे चित्रातले फूल, ते लेकाने पाहिले तेव्हा कुणाचे तरी नाइलाजाचे जेवण होते.

दुसरी गोष्ट सापाची. झाड नागासारखे दिसते, म्हणून ते नागाच्या विषावर चालते, असा समज ठिकठिकाणी आहे. हा समज फक्त आपल्याकडचाच नाही. ज्या वस्तूसारखे झाड दिसते त्या वस्तूचे ते औषध, असे युरोपातही शेकडो वर्षे मानले जात होते. जपानी लोकांनीही या प्रजातीच्या तिकडच्या एका झाडाला त्यांच्या विषारी सापाचेच नाव दिले आहे. पण दिसणे वेगळे आणि गुण वेगळा. शेंदूर फासला म्हणून धोंडा बोलू लागत नाही. सर्पदंशावर खात्रीचा उपाय एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन, आणि ते दवाखान्यातच मिळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक खेड्यातली माणसे, तुमच्याआमच्यासारखी शेतात राबणारी. कांदा उगाळून लावण्यात जी घटका जाते, ती परत मिळत नाही. चावलेला भाग हलवू नये, कापू नये, घट्ट बांधू नये, रोग्याला धीर द्यावा आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. मुळीवर विश्वास ठेवणारी आजी चुकीच्या हेतूने सांगत नाही. ती तिच्या काळी होते तेवढेच सांगते. आज त्याहून चांगले हाताशी आहे.

आता शेवटचा मुद्दा, तो झाडाच्या बाजूने. सापकांद्याची फणा पाहून लोकांना मोह होतो. कुणी औषधासाठी उकरतो, कुणी शहरातल्या कुंडीसाठी. उकरणारा अर्थातच मोठा कांदा निवडतो. आणि मघाशी काय पाहिले आपण? मोठा कांदा म्हणजे मादी, म्हणजे बी धरणारे झाड. ते काढले की मागे राहतात बारके कांदे, सगळे नर. वरवर पाहता डोंगरावर सापकांदे पुष्कळ दिसतात. पण लाल दाण्यांचे कणीस एकही नाही. ज्या गावाने बियाण्याची कणसे दळून खाल्ली, त्याच्या शिवाराची पुढच्या साली जी गत, तीच या रानाची. सावली तोडली तरी तेच होते. वरचे झाड गेले की पालापाचोळा जातो, ओल जाते, कांदा उपाशी राहतो आणि मादी व्हायचे विसरून जातो.

सरकारने १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर केले. तिथे झाडे तोडायला, कांदे उकरायला कायद्याने बंदी आहे. पण डोंगर काही एकट्या वनरक्षकाच्या नजरेत मावत नाही. त्याहून जुना पहारा आहे तो देवराईचा. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावाने गावाला घातलेला नेम. पुण्याचे डॉक्टर वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेलेल्या या रिवाजाने किती वनस्पती वाचवल्या ते जगासमोर मांडले. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपल्याला ठाऊकच आहे. शेतातल्या बियाण्याची जशी राखण, तशीच रानातल्याची.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. पावसाळ्याच्या आरंभी मुलांना जवळच्या रानात न्या. सापकांदा दिसला तर उकरू नका, त्याच्याभोवती गोल करून बसा. फण्याच्या तळाशी फट आहे का ते मुलांना नुसत्या डोळ्यांनी शोधू द्या. नर की मादी, तेच ठरवतील. हात लावला तर हात धुवायला सांगा. जागा वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. गेल्या सालचा नर यंदा मादी झाला का? झाला असेल तर समजा, त्या रानात ओल टिकली, सावली टिकली. दोन-चार वर्षांच्या अशा नोंदी जमल्या तर त्या एखाद्या कॉलेजातल्या अभ्यासकालाही उपयोगी पडतील. ग्रॅहॅम तरी कोण होता? टपालाचे काम करून उरलेल्या वेळात झाडे टिपणारा एक माणूस. अकोल्यातल्या, संगमनेरातल्या शाळेच्या वहीला तेवढे काम जड नाही.

आणि घरी गेल्यावर मुलांनी आपल्या आजीला एवढेच विचारावे, या झाडाला तुम्ही काय म्हणता? वेगळे नाव निघाले तर तेही वहीत लिहून ठेवावे. कागदावर नसलेला आपल्या डोंगराचा इतिहास असाच हळूहळू कागदावर येईल.